मदत हवी आहे: हळदीच्या पाकिटावरचा क्यूआर बंद पडला, शनिवारी प्रदर्शन आहे

समुद्रपूरची_हळद
नमस्कार मंडळी. अर्जंट आहे म्हणून सरळ लिहितो. आमच्या हळदीच्या पाकिटावर क्यूआर छापला आहे. स्कॅन केला की फोनमध्ये पाकिटावर आमचं वावर उभं राहायचं, हळदीची पानं हलायची अन् आई बोलायची. लोकं लय खुश व्हायचे. आता काहीच येत नाही. शनिवारी वर्ध्याला बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन आहे, स्टॉल पक्का झाला, फ्लेक्सवर पण तोच क्यूआर आहे अन् फ्लेक्स छापून आला. काय करू सांगा. लवकर सांगा राजेहो.

छापखाना_हिंगणघाट
पाकिटाचा फोटो टाका भाऊ. फोटोशिवाय कोणी काही सांगू शकत नाही. माझा अनुभव सांगतो, क्यूआर बहुतेक वेळा छपाईतच मरतो. हळद म्हणजे पिवळं पाकीट, त्यावर केशरी क्यूआर केला असेल. डिझायनर पोरांना रंग जुळवायची हौस असते. कॅमेऱ्याला गडद-फिकट फरक पाहिजे. आणि चौकोनाच्या चारी बाजूंनी, आतल्या बारक्या ठिपक्याच्या चौपट रुंदीची कोरी जागा पाहिजे. ती पट्टी कापली की जुने फोन ओळखतच नाहीत.

समुद्रपूरची_हळद
रंग काळा आहे, खाली पांढरा चौकोन. याच पाकिटावर पहिले चालत होतं.

छापखाना_हिंगणघाट
मधात लोगो टाकला का? टाकला असेल तर बनवताना सर्वात वरची दुरुस्ती-पातळी घेतली होती का? त्या पातळीला ३० टक्क्यांपर्यंत भाग झाकला-खराब झाला तरी चालतं, खालच्या पातळीला फक्त ७ टक्के. लोक खालची घेतात आणि वर मोठा लोगो ठोकतात. आणि पाऊच चकचकीत असेल तर ट्यूबलाइटचा उजेड पडून...

वेबवाला_वणी
थांबा दादा. आधी त्यांना एकच गोष्ट विचारू. "काहीच येत नाही" म्हणजे नेमकं काय? कॅमेरा क्यूआर ओळखतच नाही, की ओळखतो आणि पुढे पान उघडत नाही? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

जाहिरातवेडा
भाऊ, क्यूआर आता जुना झाला. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुखची जाहिरात केली होती आठवते का? दुकानदाराने आपल्या दुकानाचं नाव टाकलं की एआयने शाहरुख तेच नाव घेऊन बोलायचा. गल्लीतल्या किराणा दुकानाची जाहिरात शाहरुख करतो म्हणजे काय गोष्ट आहे! आता तर असा आवाज घरबसल्या बनतो. तुमच्या हळदीसाठी एखाद्या मोठ्या हिरोचा आवाज बनवा, गावोगावच्या ग्रुपवर फिरवा. क्यूआरची गरजच नाही पडणार.

वकील_चंद्रपूर
कृपया हे करू नका. त्या जाहिरातीत शाहरुख खान स्वतः करारबद्ध होता, त्याच्या संमतीने सगळं झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाबतीत एआयने आवाजाची नक्कल करणाऱ्यांना रोखलं. हळदीच्या पाकिटासाठी बचत गटाच्या बायांना कोर्टात कशाला उभं करता?

जाहिरातवेडा
मी आयडिया सांगितली. खेड्यातल्या ग्रुपवर कोण पाहायला येते?

वकील_चंद्रपूर
पाकिटावर पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. पाहायला यायची गरज नाही.

समुद्रपूरची_हळद
कोर्ट-बिर्ट राहू द्या बाप्पा. वणीवाले दादा, पान उघडते. पांढरं पान, मधात इंग्रजीत लिहून येते की हा कोड आता चालू नाही. खाली निळं बटन, अपग्रेड करा म्हणते.

वेबवाला_वणी
मग स्कॅन तर झालंच ना. कॅमेऱ्याने कोड वाचला म्हणूनच ते पान आलं. छपाईचा यात काही दोष नाही. आता एक करा. परत स्कॅन करा, पण लिंकवर टिचकी मारू नका. वर जो पत्ता दिसतो तो इथे लिहा. तुमच्या साइटचं नाव आहे की भलत्याच कुणाचं?

समुद्रपूरची_हळद
आमची साइट नाही. भलतंच छोटं नाव आहे, पुढे सहा-सात उलटीसुलटी अक्षरं.

वेबवाला_वणी
सापडलं. तुमचा क्यूआर डायनॅमिक आहे. काळ्या चौकोनात तुमच्या वावराचा पत्ता नाहीच, क्यूआर बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता आहे. फोन आधी त्यांच्या दारात जातो, तिथून ते तुमच्या पानावर पाठवतात. फायदा असा की पाकीट छापल्यावरही मुक्काम बदलता येतो आणि किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. पण फुकटची मुदत संपली, नाहीतर स्कॅनची मर्यादा संपली, की ते दार लावून घेतात. छापलेली सगळी पाकिटं एकाच वेळी बंद.

साधा, म्हणजे स्टॅटिक क्यूआर असता तर त्यात पत्ता थेट कोरलेला असतो, त्याला मुदतच नसते. तो बनवायला पैसेही लागत नाहीत. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने हा कोड काढला तेव्हा पेटंट असूनही सर्वांना वापरायला मोकळा ठेवला. पैसे कोडचे नसतात, मधल्या दाराचे असतात.

हे खातं कोणाच्या ईमेलवर काढलं होतं?

समुद्रपूरची_हळद
मावसभावानं काढलं होतं. तो नागपूरला शिकत होता तेव्हा त्यानंच सगळं केलं, ते झाडंबिडं पण. आता पुण्याले नोकरीवर आहे. रात्रीची ड्युटी असते, फोन उचलत नाही.

झाडीपट्टीकर
मी देसाईगंज-वडसाकडचा. खरं सांगू का? खेड्यात माल विकायचा तर आमच्याकडची रीत पाहा. दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, रातभर नाटक चालते, हजारो माणूस बसतो. मध्यंतरात माईकवरून नाव घेतलं की आजूबाजूच्या गावात नाव पोचलं. आठवडी बाजारात ऑटोवर भोंगा लावा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बोर्ड लावा. माणूस बोलला पाहिजे, फोन नाही.

माजी_सेल्समन
झाडीपट्टीकर, भोंग्याचं खरं आहे, पण फोनला नावं ठेवू नका. हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात 'कान खजूरा टेसन' चालवलं होतं. लोक एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचे, कंपनीकडून परत फोन यायचा, गाणी-विनोद ऐकू यायचे आणि मधात साबणाच्या जाहिराती. जिथे दिवसातून कित्येक तास वीज नव्हती, टीव्ही चालत नव्हता, तिथे साध्या बटनाच्या फोनवर हे चाललं. आणि २०१३ च्या अलाहाबादच्या कुंभात लाइफबॉयने पोळ्यांवरच हात धुण्याचा ठसा उमटवला, जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटात, हात धुवायच्या नेमक्या वेळी. मी वीस वर्षं खेड्यात माल विकला. गिऱ्हाईक जिथे थांबतं, तिथे त्याच्या हातात असेल तेच वापरायचं. आज हातात फोन आहे.

झाडीपट्टीकर
हातात फोन आहे, पण टॉवर कुठं आहे? आमच्याकडं झाडावर चढावं लागते.

पुलगावची_ताई
दादा, मी स्वतः बचत गटात आहे, पापड-कुरड्या करतो. आम्ही हे सगळं सोडून साधा व्हॉट्सॲपचा क्यूआर लावला. स्कॅन केला की आमच्या नंबरवर चॅट उघडते, "मला माल पाहिजे" असं आधीच लिहिलेलं असते, बाईने फक्त पाठवायचं. बिझनेस ॲप फुकट आहे, कॅटलॉग टाकता येतो. तुमची आई बोलते ते ऐकून खुश होतील, पण ऑर्डर कुठं करतील?

डिजिटल_नागपूर
ताई, तोही दुसऱ्याचाच वाडा आहे. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या यादीत, २५६ च्या वर माणूस बसत नाही आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज जातो. उद्या नियम बदलले तर? इन्स्टाग्रामवर आपल्याकडच्या किती पोरांनी लग्नाचे, दुकानांचे एआर फिल्टर (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर चित्र उभं करणारे) बनवून विकले. इन्स्टाग्रामच्या मालक मेटाने १४ जानेवारी २०२५ ला ते फिल्टर बनवायचं साधन, स्पार्क, बंद केलं आणि बाहेरच्यांनी बनवलेले सगळे फिल्टर एका दिवसात गेले. दुकानाच्या पाटीवर छापलेले क्यूआर तसेच राहिले, मागं काही नाही.

पुलगावची_ताई
नियम बदलतील तेव्हा बदलतील. नंबर माझा आहे ना? चॅट बंद झाली तरी बाई फोन लावू शकते. तुमच्या झाडाला फोन लावता येते का?

वेबवाला_वणी
ताईंचा मुद्दा बरोबर आहे. समुद्रपूरवाले भाऊ, मला तीन गोष्टी सांगा: दुकानात किती पाकिटं गेली, घरी न भरलेले पाऊच किती उरले, आणि ते एआर, म्हणजे फोनमध्ये उभं राहणारं तुमचं झाड, कुठे ठेवलं आहे? ते त्याच कंपनीकडे आहे की वेगळीकडे?

कृषीमित्र_आर्वी
हळद वायगावचीच आहे का? वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कुरकुमिन, म्हणजे हळदीचं पिवळं द्रव्य, चांगलं निघतं. शिजवताना गाठी जास्त वेळ पाण्यात ठेवू नका, रंग मरतो. काडी गाठीत सहज गेली की उतरवायची. पॉलिश ड्रममध्ये करता की हाताने?

समुद्रपूरची_हळद
हो, वायगावची. ड्रममध्ये करतो. काका, पॉलिशचं नंतर सांगतो.
दुकानात चारशेक पाकिटं गेली असतीन. घरी हजारावर पाऊच कोरे आहेत. एआर वेगळीकडे आहे, भावानं लिंक दिली होती ती व्हॉट्सॲपवर सापडली. आत्ता उघडून पाहिली. चालते! झाड आलं, आई बोलली.

वेबवाला_वणी
मग अर्धं काम झालं. झाड जिवंत आहे, फक्त तिकडे जाणारा रस्ता बंद आहे.

वकील_चंद्रपूर
आई नेमकं काय बोलते?

समुद्रपूरची_हळद
हळद कशी लावतो, कशी शिजवतो. शेवटी म्हणते रोज दुधात घ्या, गुडघेदुखी अन् शुगर बरी होते.

वकील_चंद्रपूर
ते शेवटचं वाक्य प्रदर्शनाच्या आधी काढा. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत आजार बरा होतो असा दावा करायला २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी मनाई आहे. फोनमधला आवाज असला तरी ती जाहिरातच. आणि मानांकनाचा शिक्का छापायचा असेल तर तुमचं किंवा गटाचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं पाहिजे. ते आहे का?

समुद्रपूरची_हळद
शिक्का नाही छापला. नोंदणीचा अर्ज करायचा आहे. आईचं वाक्य काढतो, पण आता एआरमधून कसं काढू? भाऊ फोन उचलन तेव्हा.

वेबवाला_वणी
म्हणूनच सांगतो, शनिवारी एआर लोकांच्या फोनवर नका चालवू. ते झाड म्हणजे जड थ्रीडी मॉडेल, ब्राउझरमध्ये उतरवावं लागतं, वर कॅमेऱ्याची परवानगी मागतं. प्रदर्शनात एका टॉवरवर सगळी गर्दी, गोल चक्र फिरत राहील आणि माणूस पुढच्या स्टॉलला जाईल. हौस असेल तर तुमच्या स्वतःच्या फोनवर आधीच उघडून ठेवा, आवाज बंद करा, आई स्टॉलवर आहेच, ती समोर बोलेल. पोरं फोनमधून पाकिटाकडे पाहतील, मोठी माणसं आईकडे.

लोकांच्या फोनसाठी आईचा अर्ध्या मिनिटाचा नवा व्हिडिओ करा. हळदीच्या ढिगाजवळ, मागे वावर. यूट्यूबवर टाका, नेट कमी असलं तर तो आपोआप हलक्या दर्जात चालतो. खाली वर्णनात ताई म्हणतात तशी व्हॉट्सॲपची लिंक.

क्यूआरसाठी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास जातात. त्या डोमेनचा छोटा पत्ता साध्या स्टॅटिक क्यूआरमध्ये टाका आणि तो पत्ता पुढे व्हिडिओकडे वळवा. उद्या झाड लावायचं, परवा नवा व्हिडिओ, वळवणारे तुम्ही. पाकीट बदलायचं काम नाही. फक्त डोमेन स्वतःच्या किंवा गटाच्या ईमेलवर घ्या. मावसभावाच्या नको.

दुकानातल्या पाकिटांसाठी मात्र त्या कंपनीचं खातं चालू करावं लागेल. पैसे भरा, मुक्काम बदलून आपल्या डोमेनवर आणा, ती पाकिटं खपेपर्यंत चालू ठेवा.

जाहिरातवेडा
पैसे भरायचेच तर डोमेन कशाला? तेच खातं चालू ठेवा ना. किती स्कॅन झाले ते पण दिसते.

वेबवाला_वणी
आणि पुढच्या वर्षी त्यांनी भाव दुप्पट केला तर? छापलेलं पाकीट तुमच्याकडे, चावी त्यांच्याकडे. भरावेच लागतील. स्कॅनची मोजणी स्वतःच्या पानावरही होते.

समुद्रपूरची_हळद
भावाचा फोन आला. पासवर्ड दिला, ईमेल बदलून आईच्या नावानं केला. एका महिन्याचे पैसे भरले, पाकीट स्कॅन केलं, झाड आलं! वणीवाले दादा, लय उपकार झाले. व्हिडिओ उद्या सकाळी काढतो. डोमेन घेऊन रायलो. आता फ्लेक्स अन् हजार कोरे पाऊच, त्याचं काय?

छापखाना_हिंगणघाट
आता माझं ऐका. स्टिकर करू. पाकिटाला अडीच सेंटिमीटरचा चौकोन पुरे, पत्ता छोटा आहे म्हणून ठिपके मोठे येतील. फ्लेक्सला मोठा लागेल. माणूस जेवढ्या अंतरावरून फोन धरतो त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कोड पाहिजे. दोन मीटरवरून धरला तर वीस सेंटिमीटर. चारी बाजूंनी कोरी पट्टी मी सोडतो. चकचकीत कागद नको, मॅट घेऊ. पाऊचच्या खालच्या सीलपासून वर चिकटवा, तिथं सुरकुती पडते आणि कोड वाकडा होतो. पाऊच भरायच्या आधी चिकटवा, भरल्यावर फुगतो.

पुलगावची_ताई
स्टिकरवर क्यूआरच्या खाली मोबाईल नंबर पण छापा. मोठ्या अक्षरात.

कृषीमित्र_आर्वी
ओली हळद बेण्यासाठी मिळेल का? दोन क्विंटल पाहिजे.

समुद्रपूरची_हळद
काका, बेण्याचं आईशी बोला, शनिवारी स्टॉलवरच असन. छापखानावाले भाऊ, फाईल कधीपर्यंत देऊ? शुक्रवारी संध्याकाळी स्टिकर भेटतीन का?

छापखाना_हिंगणघाट
उद्या दुपारी बाराच्या आत पाठवा, शुक्रवारी चारला घेऊन जा. पीडीएफ पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर कोडच्या कडा फाटतात. आणि पाठवायच्या आधी दोन-तीन जुन्या फोनवर स्कॅन करून पाहा, एक आईचा.