टचस्क्रीन लॅपटॉपवर चित्रे काढण्यासाठी कोणते स्टायलस जुळेल?

प्रश्न: रबरी टोकाच्या साध्या स्टायलसने माझ्या लॅपटॉपवर रेघ उमटते, पण तळहात टेकताच नको तिथे डाग पडतात आणि दाब कमीजास्त केला तरी रेघेची जाडी तीच राहते. ४०९६ दाबपातळ्यांचे पेन घेतल्यास ही अडचण सुटेल का?

उत्तर १: केवळ त्या आकड्यावर जाऊ नका. पेन आणि पडदा यांचा प्रोटोकॉल, म्हणजे एकमेकांशी संकेत जुळवण्याची पद्धत, एकच असावा लागतो. मायक्रोसॉफ्ट पेन प्रोटोकॉल, वॅकॉम एईएस आणि यूएसआय हे परस्परांशी जुळत नाहीत, आणि पडद्यात पेन ओळखणारी यंत्रणाच नसेल तर कितीही महागडे पेन निरुपयोगी ठरते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ‘पेन अँड टच’ ही नोंद पाहा. तिथे फक्त टचचा उल्लेख असेल, तर अशा पेनवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २: प्रोटोकॉल नक्की कळत नसेल, तर वॅकॉम कंपनीचे बांबू इंक हे पेन उत्तर १ मधील पहिले दोन्ही प्रोटोकॉल हाताळते. मात्र कोणतेही पेन घेण्यापूर्वी पट्टी धरून अगदी सावकाश तिरकी रेघ ओढा. ती नागमोडी आली, तर ते पेन टिपणांना पुरेल, बारीक रेखाटनाला नाही.

उत्तर ३: ॲपल पेन्सिल विंडोज लॅपटॉपवर चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.