स्पेलिंगं पाठ, पण नवा शब्द वाचता येत नाही: घरी इंग्रजीची सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल:
मुलगी साडेसहा वर्षांची. मराठी जोडाक्षरांसकट छान वाचते. इंग्रजीत ए टू झेड येतं, ‘सी ए टी कॅट’ अशी बरीच स्पेलिंगं पाठ आहेत. पण पूर्वी न पाहिलेला तीन अक्षरी शब्द समोर आला की अडते, नाहीतर पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देते. ‘पिन’चं ‘पेन’ हमखास. बोलणं ‘थँक्यू’च्या पुढे जात नाही, कार्टून मात्र समजत असावं, योग्य ठिकाणी हसते.

आम्हा दोघांचं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना अडखळतो. तर,
१. घरात सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायला लागावं का?
२. आधी काय घ्यावं: शब्द, व्याकरण की वाचन?
शिकवणी इतक्यात लावायची नाही.

अक्षरवेल:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण गाडं तिथेच अडलंय. देवनागरीत अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. ‘क-म-ळ’ म्हटलं की कमळ होतं. इंग्रजीत ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही फक्त नावं. कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. मुलीने स्पेलिंगं कवितेसारखी पाठ केली आहेत. वाचायला अजून सुरुवातच झालेली नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे कुठलं अक्षर कुठे काय बोलतं हे मुद्दाम शिकवावंच लागतं.

वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवा. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या आणि त्यांचे ध्वनी पाय मोडून शिकवा: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यावर सॅट, टॅप, पॅन, पिन, टिन, सिप, नॅप, स्पिन, स्नॅप असे वीसएक शब्द वाचता येतात. आठवडाभर नवं अक्षर आणू नका.

चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते. आपण नकळत ‘प्’ऐवजी पूर्ण ‘प’ म्हणतो. मग मूल ‘प-ॲ-न’ जोडायला जातं आणि ‘पअॅन’ असं काहीतरी तयार होतं, ज्यातून ओळखीचा शब्द सापडत नाही. यावर दोन उपाय. पहिले काही दिवस ताणता येणाऱ्या ध्वनींनी सुरू होणारे शब्दच घ्या: ‘स्स्सॅट’, ‘न्न्नॅप’. ध्वनी मध्ये न तोडता लांबवायचा. प्, ट्, ब् ताणता येत नाहीत. तिथे बाराखडीची सवय कामाला लावा: पहिली दोन अक्षरं एका दमात ‘पॅ’, मग ‘न्’. ‘पि’, मग ‘न्’. बाराखडी घोटलेल्या मुलांना हे फार लवकर जमतं.

अंदाज मारायची सवय मोडायला एकेक अक्षर बदलणारी साखळी करा. पुठ्ठ्याचे सहा चौकोन कापा, प्रत्येकावर एक अक्षर. पिन मांडा. मधलं बदला: पॅन. पहिलं बदला: टॅन. मग टिन, टिप, टॅप, सॅप, सिप. प्रत्येक वेळी एकच चौकोन हलतो, त्यामुळे तिला नेमकं त्याच अक्षराकडे बघावं लागतं. शेवटी ‘निस’, ‘टॅस’ असे एकदोन निरर्थक शब्दही टाका. ते पाठ असणं शक्यच नाही, म्हणून खरं वाचन झालं की नाही ते लगेच कळतं. चित्रं या वेळी झाकून ठेवा.

पुढे एम, डी, जी, ओ, सी, के घ्या. बी आणि डी पाठोपाठ शिकवू नका; एक हाताखालून गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी दुसरं. जोडीने शिकवली की महिनोन्‌महिने गोंधळ राहतो. त्यानंतर एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या, आणि सगळ्यात शेवटी मूक ई, म्हणजे शब्दाच्या टोकाला येणारा पण स्वतः न बोलणारा ई: टॅपचं टेप, पिनचं पाइन. तीन अक्षरी शब्द न अडखळता येईपर्यंत मूक ई काढूच नका.

नियमात न बसणारे ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ हे शब्द आठवड्याला दोनच. मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची, एडवर्ड डॉल्च या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेली यादी आजही वापरात आहे, तिच्यातून निवडा. हेही आंधळेपणाने पाठ करून घेऊ नका. ‘सेड’मधले एस आणि डी सरळ वागतात, मधली दोनच अक्षरं वाकडी आहेत, हे तिला दाखवा, त्या दोघांखाली रंगीत रेघ ओढा.

आणि इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. डोळे देवनागरीवरच जातात.

गोष्टवेल्हाळ:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अजिबात नको. ज्या भाषेत आईवडील अडखळतात त्या भाषेत दिवसभर बोलायला लागलं की घरातलं बोलणंच आटतं. ‘असं का झालं’, ‘मग काय केलं असतंस’ हे मराठीत जितकं भरपूर होईल तितका इंग्रजी पुस्तकं समजायला फायदा, कारण कल्पना डोक्यात आधीच तयार असते, फक्त शब्द नवा लागतो. दोन भाषा एका वाक्यात मिसळल्या तरी काळजी नको, द्विभाषक मुलं ते करतातच.

वेळेचाही अंदाज असू द्या. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलंय की पूर्णपणे इंग्रजी शाळेत गेलेल्या परभाषिक मुलांनाही गप्पांपुरतं इंग्रजी यायला साधारण २ वर्षं आणि अभ्यासाचं इंग्रजी यायला ५ ते ७ वर्षं लागतात. तुमची मुलगी ऐकून समजते आणि बोलत नाही, हा टप्पा काही महिने चालू शकतो. ‘बोल ना, काकांना इंग्रजीत सांग’ ही फर्माईश त्या काळात फार नुकसान करते.

त्याऐवजी दिवसातले दोनच प्रसंग इंग्रजीचे ठरवा, उदाहरणार्थ बूट घालणं आणि खेळणी आवरणं. प्रत्येकासाठी चारपाच वाक्यं आधी तुम्ही पक्की करा: ‘पुट ऑन युअर शूज’, ‘व्हेअर इज द अदर वन?’, ‘पुट इट इन द बॉक्स’. रोज तीच, त्याच शब्दांत. तुमचं इंग्रजी बेताचं असलं तरी पाच वाक्यं बिनचूक बोलता येतात.

दुसरं, हुकमाचा खेळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ही पद्धत: आधी तुम्ही हुकूम म्हणत स्वतः कृती करायची, मग दोघांनी मिळून, मग तिने एकटीने. ‘टच युअर नी’पासून ‘पुट द स्पून अंडर द बाउल’पर्यंत. तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा नाही, फक्त कृतीची. साधारण दहा हुकूम हाताखालून गेले की उलटं करा: ती हुकूम देणार, तुम्ही पाळणार. बरीच मुलं पहिलं आपणहून वाक्य इथेच बोलतात. इन, ऑन, अंडर याच खेळात बसवा. आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, म्हणून मुलं ‘टेबल अंडर’ म्हणतात. वस्तू खरोखर हलवत शंभरदा ऐकल्यावर क्रम आपोआप जागेवर येतो.

कार्टूनबद्दल: नुसतं समोर लावून ठेवण्याचा उपयोग फार थोडा. बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं चिनी भाषेचे ध्वनी समोरच्या माणसाकडून शिकली, पडद्यावरून नाही. तुमची मुलगी मोठी आहे, तिला थोडा फायदा होईल, पण एकच छोटा भाग आठवडाभर दाखवा, मध्ये थांबवून ‘व्हेअर इज ही गोइंग?’ एवढं विचारा. उत्तर मराठीत आलं तरी चालेल.

ध्वनिरेखा:
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. उच्चारांचं तेवढं जोडते. मराठी घरातल्या मुलांना तीनच गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात.

व्ही आणि डब्ल्यू: ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, ‘वेट’ला ओठांचा चंबू, दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर दोन मिनिटं पुरतात.

झेड: प्राणिसंग्रहालयासाठीच्या ‘zoo’ या शब्दाचं आपल्याकडे ‘झू’ किंवा ‘जू’ होतं. लांब ‘स्स्स्’ म्हणायला सांगा, बोटं गळ्यावर, आणि जीभ न हलवता आवाज सुरू करायचा. गळा थरथरला की झेड आला.

ऱ्हस्व-दीर्घ: शिप आणि शीप. बोलताना आपण हा फरक फारसा पाळत नाही, म्हणून मुलांच्या कानाला तो ऐकूच येत नाही. आधी नुसतं ओळखायला लावा: तुम्ही म्हणा, तिने जहाजाच्या किंवा मेंढीच्या चित्रावर बोट ठेवायचं. कान तयार झाल्याशिवाय तोंडाकडून मागू नका.

पाटीपेन्सिल:
खूप आभार, नेमकं हेच हवं होतं. अजून दोन शंका. ‘ही गोइंग’ असं अर्धवट बोलली तर लगेच सुधारायचं का? आणि एकूण वेळ किती?

अक्षरवेल:
थांबवून सुधारू नका. ‘येस, ही इज गोइंग होम’ असं बरोबर वाक्य सहज परत म्हणा आणि गप्पा पुढे न्या. तिच्याकडून म्हणवून घेऊ नका. व्याकरणाचे नियम या वयात नकोत. वाचताना मात्र चूक सोडू नका: ‘पिन’चं ‘पेन’ झालं तर मधल्या अक्षरावर बोट ठेवा आणि थांबा, शब्द तुम्ही सांगू नका.

वेळ रोज वीस मिनिटं. आठ मिनिटं चौकोन, पाच मिनिटं हुकूम, उरलेल्यात तुम्ही पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, ओळीखाली बोट फिरवत. एकच पुस्तक चारपाच दिवस. ती स्वतः वाचणार असेल तेव्हा एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे, खालच्या पायरीचं घ्या. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

सहा आठवड्यांनंतरही सुटे ध्वनी ओळखते पण जोडता येत नाहीत असं दिसलं, तर अक्षरं पूर्ण बाजूला ठेवून नुसतं तोंडी करा: तुम्ही ‘स्… इ… प्’ म्हणायचं, तिने शब्द सांगायचा. तेही जमत नसेल तर कान तपासून घ्या. मुलांच्या कानात साचलेलं पाणी अनेकदा लक्षातच येत नाही.