मालिकेचा शेवट जमतो तेव्हा नक्की काय जमलेलं असतं?

(एका चर्चेतला संवाद. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

संकलनमेज

एखाद्या मालिकेचा शेवट फसला की सगळे शेवटच्या भागावर तुटून पडतात. माझं म्हणणं असं की शेवटचा भाग बहुतेक वेळा निमित्तमात्र असतो. खरा निकाल त्याआधीच्या पाच-सात भागांत लागून गेलेला असतो.

मैफलीत भैरवी सगळ्यात शेवटी येते, पण ती मैफलीचा कळस नसते. बडा ख्याल, द्रुत, तराणा होऊन गेलेला असतो, ऐकणारा भरून पावलेला असतो, आणि मग भैरवी त्याला घरी जायला मोकळं करते. शेवटच्या भागाचं काम एवढंच. कळस आणि निरोप एकाच भागात कोंबले की दोन्ही वाया जातात.

'ब्रेकिंग बॅड' घ्या, अंमली पदार्थ बनवू लागलेल्या वॉल्टर या रसायनशास्त्राच्या शिक्षकाची अमेरिकन मालिका. शेवटच्या पर्वाचे १६ भाग, दोन वर्षांत ८-८ असे दाखवले. कळस आहे १४वा भाग, 'ओझीमँडियस', १५ सप्टेंबर २०१३. वॉल्टरचा साडू हँक याचा जीव जातो, पैशांची पिंपं जातात, घर मोडतं. १५व्या भागात वॉल्टर बर्फात एका केबिनमध्ये एकटा. म्हणजे परिणाम भोगायला अख्खा एक भाग दिलाय. २९ सप्टेंबरच्या 'फेलिना' या शेवटच्या भागासाठी मग मोजकीच कामं उरतात: पैसा मुलापर्यंत पोचवणं, हिशेब चुकते करणं, साथीदार जेसीची सुटका, आणि बायको स्कायलरसमोर एक कबुली. पाच पर्वं हा माणूस 'कुटुंबासाठी केलं' असं म्हणत आला. शेवटी म्हणतो, माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. पहिल्या भागातला प्रश्न हाच होता.

यावरून मी तीन कसोट्या लावतो. पहिल्या भागाचा प्रश्न एका ओळीत लिहायचा आणि शेवटचा भाग त्याला भिडतो का ते पाहायचं. कळस आणि शेवट यांच्यात किमान एक पूर्ण भाग हवा. आणि शेवटच्या भागात नवी माहिती नको, आधी पेरलेलंच उगवायला हवं. रायसिन या विषाची कुपी बघा. भिंतीतल्या प्लगच्या झाकणामागे किती आधी लपवली आणि निघाली कधी!

आडवा छेद

कळस आणि निरोप वेगळ्या भागांत हवेत, हा तुमचा आग्रह राजघराण्यांच्या सत्तासंघर्षाच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'ने पाळला होता, तरी शेवट कोसळला. ही मालिका तर शेवटून दुसऱ्या भागातल्या कळसासाठीच ओळखली जायची. पहिल्या पर्वात मुख्य पात्र नेडचा शिरच्छेद नवव्या भागात, तिसऱ्या पर्वातलं रक्ताचं लग्न, म्हणजे लग्नातलं हत्याकांड, नवव्या भागात. शेवटच्या पर्वातही तेच गणित: १२ मे २०१९ ला शहर जळतं, १९ मेला शेवट. कळस आधी, निरोप नंतर. मग बिघडलं कुठे?

आणि 'फेलिना'ला इतकं डोक्यावर घेऊ नका. त्या भागात वॉल्टरची एकही योजना चुकत नाही. गाडीच्या डिकीतली मशीनगन जवळजवळ सगळ्या टोळीला टिपते, विष नेमक्या कपात जातं. पाच पर्वं ज्याचं प्रत्येक यश नवं संकट घेऊन आलं, त्याला शेवटी एवढी निर्वेध वाट? मालिकेचा स्वतःचा नियम शेवटच्या ५५ मिनिटांत मोडलाय. माझ्या लेखी 'ओझीमँडियस' हाच खरा शेवट.

आणखी एक. ती मशीनगन पाचव्या पर्वाच्या सुरुवातीलाच दाखवली, तेव्हा ती कुणावर चालणार हे ठरलेलंच नव्हतं, असं मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी स्वतः नंतर सांगितलंय. म्हणजे तुम्ही ज्याला पेरणी म्हणता, ते काही वेळा आधी फेकलेलं बी असतं आणि लेखक मागाहून त्याच्यासाठी जमीन शोधत फिरतात.

संकलनमेज

मशीनगनचा मुद्दा मान्य. पण प्रेक्षकाला पडद्यावर जे दिसतं तेच मोजायचं. लेखकाला आधी ठाऊक होतं की नव्हतं, याने फरक पडत नाही.

'थ्रोन्स'बद्दल. शहर जाळणारी राणी डिनेरिस निर्दय आहे हे पेरलं होतंच. सातव्या पर्वात ती टार्ली बापलेकांना जिवंत जाळते. पण का जाळते? ते गुडघे टेकत नाहीत म्हणून. आठव्या पर्वात घंटा वाजतात, शहर शरण आलेलं असतं, आणि तरी ती शहर जाळते. शरण न येणाऱ्याला शिक्षा आणि शरण आलेल्याची राख, यांच्यामध्ये मनाची फार मोठी उडी आहे. ती उडी दाखवायला दोन-तीन स्वतंत्र दृश्यं हवी होती. वाट्याला आले काही मूक क्लोज-अप. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी १० भाग, मग ७, मग ६. भाग कमी केले ते नेमके जिथे माणसं बदलायची होती तिथे.

तिठा

वेळ कमी पडला, हे कारण मला पटत नाही. हिशेब मांडतो.

आपल्या मराठी दैनंदिन मालिकेच्या अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं. मालिका बंद करायची असं ठरल्यावर लेखकाच्या हाती समजा तीनच आठवडे आहेत. म्हणजे १८ भाग, ३९६ मिनिटं, साडेसहा तासांहून जास्त. 'ब्रेकिंग बॅड'चे शेवटचे ८ भाग मिळून साधारण तेवढेच भरतात. 'थ्रोन्स'चे शेवटचे ६ भाग सात तासांच्या आसपास. तीन आठवड्यांत आवरायला लागलेल्या आपल्या मालिकेकडे जगातल्या अत्यंत खर्चिक मालिकेएवढाच वेळ असतो!

मग आपले शेवट घाईचे का वाटतात? उघडे धागे फार असतात म्हणून. समजा १४ धागे उघडे आहेत: जमिनीची कागदपत्रं, धाकट्या जावेचं बाळ, हरवलेला भाऊ, ऑफिसातला घोटाळा, आणि असंच पुढे. सगळे शेवटच्या एका तासाच्या विशेष भागात मिटवायचे म्हटलं तर प्रत्येकाला सरासरी तीन-साडेतीन मिनिटं येतात. तीन मिनिटांत खलनायिकेचं हृदयपरिवर्तन दाखवलं की ते कुणाच्याही गळी उतरत नाही. मग सत्यनारायणाच्या पूजेला सगळं कुटुंब एका चौकटीत उभं करायचं आणि संपवायचं.

यावर काम करण्याची रीत अशी. पहिल्याच दिवशी सगळे धागे कागदावर काढायचे आणि त्यांचे तीन ढीग करायचे: मूळ प्रश्नाशी बांधलेले, एका दृश्यात मिटणारे, आणि प्रेक्षक विसरलेले. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही, उकरून काढलं की तो उगाच वेळ खातो. दुसरा ढीग पहिल्या आठवड्यात संपवायचा, आणि तोही बाहेरून आत. आधी शेजारी आणि ऑफिस, मग नातेवाईक, मग घर. खलनायिकेचं बिंग शेवटून पाचव्या-सहाव्या भागापर्यंत फुटलंच पाहिजे, कारण तिने माफी मागणं आणि घराने ती नाकारणं किंवा स्वीकारणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यात दिवस जायला हवेत. कलाकारांच्या तारखा याच वेळी बघायच्या. ज्याने पुढचं काम घेतलंय त्याचा धागा आधी मिटवायचा, नाहीतर त्याचा निरोप फोनवरच्या आवाजाने उरकावा लागतो.

आणि मुदतवाढीची सोय ठेवायची. नवी मालिका तयार नसली की जुनीला आणखी आठवडा मिळतो. अशा वेळी कळसानंतरचे भाग ताणायचे, आधीचे नाही. कळसाआधी ताणलं की तोच प्रसंग तीन दिवस चालतो आणि त्याची धार जाते. कळसानंतर मात्र माणसं एकमेकांशी बोलू शकतात. संकलनमेज यांची दुसरी कसोटी मला मान्य आहे, पण या कामाच्या कारणासाठी.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. करारापुरतं केलेलं लग्न खरं होणार का, हा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर मालिका थांबली. ती लोकांच्या लक्षात राहिली त्यात या थांबण्याचा मोठा वाटा आहे.

रहस्यमालिकेला आणखी एक पथ्य लागतं. रोज नवा संशय पेरावा लागतो, त्यामुळे आठ-नऊ महिन्यांत घरातला प्रत्येक जण खुनी वाटू लागतो. नाव कुणाचंही घ्या, उरलेल्या दहांच्या वागण्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि तो कधीच पुरा पडत नाही. शेवटच्या ३० भागांत एकेक संशयित सकारण बाद करत आणायचा. शेवटच्या आठवड्यात दोनच उरले पाहिजेत.

उत्तररंग

भैरवीपेक्षा मला नारदीय कीर्तन जवळचं वाटतं. पूर्वरंगात बुवा एक अभंग निरूपणाला घेतात, उत्तररंगात आख्यान सांगतात, आणि आख्यान संपलं की त्याच मूळ अभंगावर परत येतात. शब्द तेच असतात, पण मधल्या आख्यानामुळे ते वेगळे ऐकू येतात. चांगल्या शेवटात हे घडतं. परत यायचं ते मालिकेच्या घाटावर, म्हणजे तिच्या रचनेवर, कथा त्यामागून येते.

'सिक्स फीट अंडर' ही अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाची मालिका. तिचा भाग एका मृत्यूने उघडतो आणि पांढऱ्या पडद्यावर त्या माणसाचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं येतात. पाच पर्वं हीच रीत. शेवटचा भाग, २१ ऑगस्ट २००५, उघडतो एका जन्माने. आणि संपताना क्लेअर गाडी चालवत घर सोडते तेव्हा तिचं आणि उरलेल्या मुख्य पात्रांचं मरण एकामागून एक दिसतं, त्याच पांढऱ्या पडद्यावर, त्याच अक्षरांत. क्लेअरचं शेवटचं: १९८३ ते २०८५. नवीन युक्ती एकही नाही. इतके दिवस अनोळखी माणसांसाठी वापरलेली पाटी आपल्या माणसांसाठी वापरली, एवढंच.

उलट 'हाऊ आय मेट युवर मदर'. यात बाप आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतो. मुलांच्या प्रतिक्रियेचं दृश्य २००६ च्या सुमारास, दुसऱ्या पर्वाच्या वेळीच चित्रित करून ठेवलं, कारण मुलं मोठी झाली असती. ते वापरलं ३१ मार्च २०१४ ला. मधल्या आठ वर्षांत पात्रं कुठल्या कुठे गेली. नववं पर्व जवळजवळ सगळं एका लग्नाच्या दोन-तीन दिवसांत घडतं, आणि शेवटच्या तासात तेच लग्न मोडतं, आईही मरते. मूळ अभंगावर परत आले खरे, पण मधल्या आख्यानाकडे कानाडोळा करून.

निशिगंध

इथे सगळे उत्तर मिळण्याला समाधान म्हणताहेत. माफिया म्होरक्या टोनीच्या 'सोप्रानोज'चा शेवट (१० जून २००७) आठवा. उपाहारगृहाच्या दाराची घंटा वाजते, टोनी वर बघतो, मग त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो, इतका की डोळ्यांना सवय होते. शेवटची घंटा वाजते, टोनी वर बघतो, आणि पडदा काळा. सुमारे १० सेकंद काळा, आवाज नाही, मग श्रेयनामावलीही संगीताशिवाय. अनेकांना त्या रात्री केबल गेली असं वाटलं. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या भागात, तळ्यावरच्या होडीत, मेहुणा टोनीला म्हणालेला असतो की मरण येतं तेव्हा बहुतेक ऐकूही येत नसणार. उत्तर दिलेलं नाही, पण ते वाचायची लिपी आधी शिकवलेली आहे.

आणि पहिल्या भागाचा प्रश्न, ही कसोटी मला कच्ची वाटते. प्रश्न कुणाचा? दूरदर्शनवरचं 'रामायण' ३१ जुलै १९८८ ला ७८ व्या भागात राज्याभिषेकावर थांबलं. बहुतेक प्रेक्षकांसाठी तो परिपूर्ण शेवट होता. पण पंजाबात वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला, मागणी अशी की पुढची कथा दाखवा. कारण वाल्मीकी ऋषी स्वतः, त्यांचा आश्रम, लव-कुश हे सगळं त्या पुढच्या कथेत आहे. त्यांच्यासाठी मालिका आपल्या मुख्य पात्राच्या आधीच संपली होती. मग उत्तर रामायण आलं. एका ओळीत लिहिलेला तुमचा प्रश्न कुणाला बाहेर ठेवतो, हेही तपासा.

संकलनमेज

'रामायणा'चा मुद्दा मी मांडलेल्या कसोटीत बसत नाही, हे कबूल करतो. प्रश्न एका ओळीत लिहिताना मी एकच प्रेक्षक धरला होता. तिसऱ्या कसोटीवर मात्र ठाम आहे. शेवटच्या भागात नवी माहिती नको.

आडवा छेद

मग लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांवरच्या 'मॅश'चं काय करायचं? कोरियातलं युद्ध तीन वर्षांचं, मालिका ११ पर्वांची, शेवट २८ फेब्रुवारी १९८३ ला, जाहिरातींसह अडीच तासांचा, अमेरिकेत साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिलेला. आणि त्याचा गाभा ही एक पूर्णपणे नवी घटना आहे. मुख्य पात्र, शल्यविशारद हॉकाय, मनोरुग्णालयात आहे. बसमधल्या एका बाईला त्याने तिच्या कोंबडीचा आवाज बंद करायला सांगितलं होतं, अशी त्याची आठवण. ती कोंबडी नव्हती, तिचं तान्हं मूल होतं. आधीच्या एकाही भागात याचा मागमूस नाही. तुमच्या तिसऱ्या कसोटीवर हा भाग नापास होतो.

संकलनमेज

घटना नवी आहे, पण हॉकायचं विनोदाआड लपणं ११ वर्षं चालू होतं. कोंबडीची आठवण हे तेच लपणं, फक्त या वेळी त्याच्या मनाने त्याच्या नकळत केलेलं. तरीही शब्द बदलतो: नवी घटना चालेल, नवा स्वभाव नको. डिनेरिस यात अडकते, हॉकाय सुटतो.

आणि त्याच भागातला हॉकायचा मित्र बी.जे. बघा. पूर्ण अडीच तास तो हॉकायला निरोपाचा शब्द उच्चारायचं टाळतो. हेलिकॉप्टर वर उठतं तेव्हा खाली जमिनीवर त्याने दगडांनी तो एक शब्द मांडून ठेवलेला दिसतो.

आडवा छेद

'नवा स्वभाव नको' हे मान्य. पण मग 'फेलिना'तला कधीही न चुकणारा वॉल्टर कुठे बसवणार, ते अजून सांगितलं नाहीत.