लिफ्टशेजारचा कागद फाडला, ग्रुपमधूनही काढलं

प्रश्न: सोलापूर, विजापूर रोडवरची सोसायटी. टँकरचा हिशोब मागणारा कागद कमिटीने फाडला, वर व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही काढलं. घटनेचं कलम १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) लागतं का?

उत्तर १: लागतं, पण ते मुख्यतः सरकारविरुद्ध. २०२३च्या कौशल किशोर निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या बहुमताने खासगी व्यक्तीविरुद्धही दार किलकिलं केलं खरं. तरी भिंतीवरच्या चार इंच जागेसाठी कुठे हायकोर्टात जाता! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं गृहनिर्माण संस्थांसाठीचं कलम १५४ब-८ वापरा. सभासदाला सभांची इतिवृत्तं (मिनिट्स) आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद फुकट पाहता येतो. फी भरल्यावर नक्कल. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का-तारीख. टँकरची बिलं या यादीत थेट नाहीत, म्हणून खर्च मंजूर केलेल्या कमिटी सभेचं इतिवृत्त मागा. थेट बिलं मागितली की अर्ज फसतो.

उत्तर २: ग्रुपमधून काढणं अॅडमिनची मर्जी. हाच मजकूर फेसबुकवर टाकलात आणि फेसबुकने पोस्ट उडवली, तर आधी त्यांचा तक्रार अधिकारी, मग त्याच्या उत्तरापासून ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे, ऑनलाइन.

उत्तर ३: भाषा सांभाळा. ‘सेक्रेटरी चोर’ लिहिलंत की भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामी. ‘मार्चचे टँकर किती, दर काय?’ यात बदनामी नाही.