नवीन लेखकांच्या चार एकांकिका एकाच संध्याकाळी, कशा बसवायच्या?

तिसरी_घंटा:
आमच्या ग्रुपमधल्या चौघांनी एकांकिका लिहिल्यात, सगळे विशी-बाविशीतले आणि चौघांचंही पहिलंच नाटक. प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांची, चारही एकाच संध्याकाळी करायच्यात. एकीत हॉस्पिटलची खोली, एकीत बसस्टॉप, एकीत नुसता जिना, मध्ये पडदा पाडून सामान हलवत बसलो तर प्रेक्षक हातातून जाणार. शिवाय लेखक रोज तालमीला येतात आणि रोज वाक्यं बदलतात, नटांचं पाठांतरच होत नाहीये, पण येऊ नका म्हणणं जिवावर येतं, नाटक त्यांचंच आहे ना. कोणी केलंय का असं?

बॅकस्टेजवाली:
चार सेटचा विचार सोडून द्या. दोन-तीन लेव्हल (कमी-जास्त उंचीचे चौथरे) आणि साधे ठोकळे घ्या, त्यातूनच पलंग, बाक, जिना सगळं होतं. पूर्ण ब्लॅकआऊटमध्ये हलवाहलव नको, मंद निळ्या उजेडात पुढच्या एकांकिकेच्या नटांनीच येऊन ठोकळे लावायचे, संगीत चालू ठेवायचं. त्या बदलाचीही तालीम लावा, ती कोणीच लावत नाही आणि मग प्रयोगाच्या दिवशी विंगेत गोंधळ होतो. लाइटचा प्लॅन चारही एकांकिकांना एकच, फारतर प्रत्येकीला एखादा वेगळा स्पॉट. रंगीत तालमीच्या आधी एक दिवस फक्त लाइट आणि म्युझिकच्या क्यूंसाठी, म्हणजे कुठल्या क्षणी काय बदलायचं ते पक्कं करायला ठेवा.

रंगपीठ:
+१. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये १९५७ पासून रविवारी रात्री नव्या नाटकांचे प्रयोग व्हायचे, तालमी व्यवस्थित करून पण नेपथ्याशिवाय. आर्नोल्ड वेस्करचं 'द किचन' १९५९ मध्ये आधी असंच झालं. सेटचा खर्चच नसला की नवख्या लेखकाचं नाटक लावून बघता येतं.

लेखकांचं म्हणाल तर सुरुवातीच्या वाचनांना ते हवेतच, नटाच्या तोंडून ऐकल्याशिवाय वाक्य कुठे अडतंय ते कळत नाही. ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली बसवणं, सुरू झालं की संहितेतले बदल बंद, मग लेखकाने थेट पहिल्या सलग तालमीला यावं.

कोरा_कागद:
मी स्वतः लिहितो, मला हे पटत नाही. पहिलं नाटक लिहिताना आपण जास्तीचं लिहितो, प्रेक्षकाला कळेल की नाही ही धास्ती असते. ब्लॉकिंगमध्ये नट नुसता पाठ फिरवून उभा राहिला की दिसतं अरे ही चार वाक्यं लागतच नाहीत, ते बघायला लेखक तिथे नको का? फक्त शिस्त ठेवा. सुचलेला बदल तालीम संपल्यावर दिग्दर्शकालाच सांगायचा, नटाला परस्पर नाही. एक तारीख ठरवा, त्यानंतर काटछाट चालेल पण नवं वाक्य नाही. आणि दिग्दर्शकानेही लेखकाला न विचारता एक ओळसुद्धा कापू नये, प्लीज. नवीन पोरं अशा वेळी गप्प बसतात आणि मग पुढचं लिहीतच नाहीत.

तिसरी_घंटा:
तारखेचं आजच ठरवतो. क्रम कसा लावू? सगळ्यात गंभीर शेवटी?

बॅकस्टेजवाली:
शेवटी नको, तोवर लोक दमलेले असतात. दोन झाल्या की मध्यंतर घ्या आणि गंभीर एकांकिका त्याच्या लगेच नंतर. सामान जास्त असलेली हॉस्पिटलची असेल तर ती पहिली लावा, पडदा उघडायच्या आधीच मांडून होते.