ताप उतरलाय, पण बाबा बरे दिसत नाहीत

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-५०४ : नमस्कार मंडळी. बाबांना शनिवारपासून ताप होता, १०२ पर्यंत जायचा. आज सकाळपासून ९९ आहे. पण सारख्या उलट्या होतायत, पोटही दुखतंय. ते म्हणतात, ताप उतरलाय, डॉक्टरकडे उद्या जाऊ. काय करू?

ए-१०२ : उतरला ना, मग काळजी मिटली. मऊ भात आणि वरणाचं पाणी द्या. अशक्तपणा असेल.

सी-३०१ : इंदिरानगरात घरोघरी ताप आहे सध्या. आमच्याकडेही दोघं आडवी आहेत.

ए-२०३ (सिस्टर ताई) : बी-५०४, बाबांना लघवी शेवटची कधी झाली? हातपाय गार लागतात का? हिरड्यांतून, नाकातून रक्त?

बी-५०४ : सकाळी एकदा झाली, तीही थोडीच. रक्त नाही. हातपाय गार आहेत. मला वाटलं घाम आला म्हणून.

ए-२०३ : उद्या नाही दादा, आत्ता निघा. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडू शकतो. माणूस वरून गार लागतो आणि घरच्यांना वाटतं, आला उतार. बाबांचा आज पाचवा दिवस आहे. डेंग्यू आहे की नाही ते तपासणीत कळेल, पण या वयात उलट्या, पोटदुखी आणि कमी लघवी एवढं पुरे आहे. ओपीडीच्या रांगेत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा.

बी-५०४ : अंग फार दुखत होतं म्हणून काल मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणून दिली होती.

ए-२०३ : ती पट्टी सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, रक्तस्रावाची भीती वाढते. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, मनाने बंद करू नका.

बी-५०१ : गाडी काढतोय, काकांना लिफ्टने खाली आणा. मुंबई नाक्यावरून सिव्हिलला नेऊ.

डी-१०४ : ताई, पपईच्या पानांचा रस देऊन बघू का आधी? प्लेटलेट वाढतात म्हणे.

ए-२०३ : रसात वेळ घालवू नका. उलटी होणाऱ्या माणसाला तर नकोच. आणि नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे बघू नका, त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण असतं. ते चढत चाललं म्हणजे रक्त घट्ट होतंय. डॉक्टर दोन्ही मिळून बघतात.

सी-४०३ : ताई, आमचं बाळ दोन महिन्यांचं. काखेत १००.६ आलाय. दूध मात्र नीट पितंय.

ए-२०३ : वहिनी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर दूध पितंय का हे बघत थांबायचं नाही. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे, रात्र असती तरी. औषधाचे थेंब मनाने देऊ नका. गुंडाळूनही ठेवू नका, साधं सुती झबलं पुरे.

डी-१०४ : मग प्रत्येक तापाला पळायचं का?

ए-२०३ : नाही हो. धडधाकट मोठा माणूस, १०१ ताप, पाणी पितोय, लघवी नीट होतेय, गोळीने उतरला की उठून बसतोय, तर दोन दिवस घरी बघा. तिसऱ्या दिवशीही ताप आला तर डॉक्टर. मात्र मान आखडली, असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, फिट आली किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके उठले, तर थर्मामीटर बाजूला ठेवा आणि निघा. गाडी नसेल तर १०८ लावा. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्याला १००.४ सुद्धा पुरे आहे. म्हाताऱ्या माणसांना आजार मोठा असूनही ताप कमीच दिसू शकतो, म्हणून त्यांचा आकडा बघून निर्धास्त राहू नका. नेहमी बोलणारे आजोबा गप्प झाले, जेवण टाकलं, की समजा.

बी-५०४ : पोचलो. बीपी कमी आहे म्हणाले. सलाईन लावलंय, डेंग्यूसाठी रक्त घेतलंय. भरती करतायत.

ए-२०३ : बरं झालं वेळेत गेलात. आज रात्री लघवी किती होतेय ते लिहून ठेवा, डॉक्टर विचारतील. वहिनी, तुम्ही निघालात का?

सी-४०३ : हो ताई, रिक्षात बसलोय.