क्युबा: न्हाव्याचं दुकान केनेडीने बंद केलं नव्हतं

खडीसाखर (धागाकर्ता)

क्युबाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणजे फुकट दवाखाना आणि चे गव्हेराचा टीशर्ट. दुसरा म्हणजे "कम्युनिस्टांनी वाटोळं केलं". मला दोन्ही पुरत नाहीत, म्हणून हा धागा.

१९६१ साली, १९५९ च्या क्रांतीतून सत्तेवर आलेल्या फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारच्या मोहिमेत, साधारण लाखभर शाळकरी पोरंपोरी कंदील आणि वाचनपाठ घेऊन डोंगरदऱ्यांत गेली, शेतकऱ्यांच्या घरी राहिली, दिवसा त्यांच्याबरोबर राबली आणि रात्री त्यांना अक्षरं शिकवली. वर्षभरात सात लाख लोक लिहायला-वाचायला लागले. हे मला खरोखर थोर वाटतं, यात टोमणा नाही.

पण याच सरकारने मार्च १९६८ मध्ये पन्नास हजारांवर लहान धंदे ताब्यात घेतले. बड्या अमेरिकन कंपन्या तर १९६० मध्येच सरकारजमा झाल्या होत्या. १९६८ मध्ये गेले ते न्हावी, चांभार, कोपऱ्यावरचे वाणी, खाऊच्या गाड्या. आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं तर २०१३ पर्यंत सरकारची परवानगी लागायची. म्हणजे माणसाला हुशार करायचं, आणि त्या हुशारीवर त्याने चार पैसे कमवायचे म्हटले की तो गुन्हेगार! मग लोक जातात. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख, १९९४ मध्ये ट्यूबा आणि फळ्या बांधून तीस हजारांवर, आणि २०२१ नंतरच्या तीनच वर्षांत लोकसंख्या दहा लाखांहून जास्त घटली. हा आकडा त्यांच्याच सरकारने दिलेला आहे. मुळात देश एक कोटी दहा लाखांचा.

अमेरिकेचे निर्बंध आहेत, राष्ट्राध्यक्ष केनेडीने लादलेले, मान्य. पण न्हाव्याचं दुकान केनेडीने बंद केलं नव्हतं.

विळाकोयता

साहेब, गोष्ट १९५९ पासून सुरू केली की असंच होणार. १९५३ च्या जनगणनेत खेड्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते. ऊसतोड चार महिने, उरलेल्या काळाला तिथे नावच होतं 'मेलेला हंगाम'. काम नाही, मजुरी नाही. राजधानी हवानात जुगाराचे अड्डे, आणि हुकूमशहा बतिस्ता १९५२ मध्ये निवडणूक होण्याआधीच लष्कर घेऊन खुर्चीत बसलेला.

क्रांतीनंतर देशातल्या सहा हजार डॉक्टरांपैकी निम्मे निघून गेले. तरी उरलेल्यांतून त्यांनी अशी आरोग्यव्यवस्था उभारली की बालमृत्यूचं प्रमाण पुढे हजारी पाचाच्या खाली आलं.

निर्बंध "मान्य" म्हणून एका शब्दात उरकू नका. १९९२ चा अमेरिकन कायदा बघा. क्युबाच्या बंदरात माल उतरवलेलं जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकेच्या बंदराला लागू शकत नाही. कोणता जहाजमालक तिकडे जाईल? आणि वेळ कोणती साधली, तर सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता, तेल आटलं होतं, लोक चिनी सायकली हाणत होते. त्या वर्षी भारतातून डाव्या पक्षांनी गहू-तांदूळ गोळा करून जहाजाने पाठवला होता. मी कॉलेजात होतो, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलोय.

खडीसाखर

१८० दिवसांचा मुद्दा बिनतोड आहे, काका. मी तो हलक्यात घेतला, चूक मान्य.

पण दुसरी बाजूही बघा. २००० च्या कायद्यानंतर अमेरिकेतून क्युबाला अन्नधान्य विकता येतं, अट एवढीच की पैसे रोख आणि आगाऊ. हवानात शिजणारी कोंबडी बऱ्याचदा अमेरिकेतून आलेली असते! म्हणजे अडचण रोकड्याची. आणि रोकडा कुठे जातो? लष्कराच्या कंपन्या हॉटेलं बांधतात. हवानात चाळीसहून जास्त मजल्यांचं हॉटेल उभं राहिलंय, तेही पर्यटक रोडावले असताना.

मळीचा_वास

सतरा वर्षं साखर कारखान्यात काढली, म्हणून बोलतो. तुम्ही दोघं साखर सोडून सगळं बोलताय.

१९७० मध्ये कॅस्ट्रोने एक कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं. अख्खा देश फडात उतरवला: कारकून, विद्यार्थी, सैनिक. हंगामात खंड नको म्हणून १९६९ ची नाताळची सुट्टी रद्द केली, ती १९९७ पर्यंत परत आली नाही. आता नवशिक्या माणसाच्या हातात कोयता दिला की काय होतं हे कुठल्याही मुकादमाला विचारा. ऊस बुडाशी न तोडता वर तोडतात, आणि साखर तर बुडख्यातच जास्त असते. तोडलेला ऊस वेळेत कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही की साखरेचा उतारा घसरतो. झाली ८५ लाख टन. तो त्यांचा विक्रमच, पण बाकीची शेती आणि कारखानदारी त्या वर्षी ओस पडली. कॅस्ट्रोने २६ जुलैच्या भाषणात अपयश कबूल केलं, हे मात्र त्याच्या खात्यावर जमा करायला हवं.

खरा घोळ पुढचा. पूर्वी मोठं गिऱ्हाईक एकच, अमेरिका. १९६० मध्ये तिने साखर खरेदीचा कोटा कापला तर दुसरं एकच मोठं गिऱ्हाईक धरलं, मॉस्को. ते बाजारापेक्षा चढा भाव द्यायचे आणि स्वस्तात तेल. अशा भावात कारखाना सुधारायची गरज कुणाला वाटणार? २००२ मध्ये १५६ पैकी ७१ कारखाने बंद केले. २०२३ चा हंगाम साडेतीन लाख टनांच्या आसपास संपला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात याच्या कितीतरी पट साखर पोत्यात भरते. क्युबाला साखर बाहेरून आणावी लागते, हे वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (बायको म्हणाली, तुम्ही कधीपासून क्युबन?)

रोखठोक७७

एवढा पुळका असेल तर विळाकोयता यांनी तिकडेच जाऊन राहावं.

फ्लोरिडावासी

रोखठोक, असल्या प्रतिसादांनीच धागे मरतात.

माझ्या दवाखान्यात एक क्युबन परिचारिका आहे, १९९४ मध्ये नऊ वर्षांची असताना तराफ्यावरून आलेली. ती दोन्ही बाजूंवर चिडते. तिच्या आजीला लिहायला शिकवणारी मुलगी १९६१ मधलीच, त्यामुळे कुणी "क्रांतीने काहीच दिलं नाही" म्हटलं की ती उठून जाते. आणि दर दोन महिन्यांनी ताप आणि रक्तदाबाच्या गोळ्या, दुधाची पावडर बॅगेत भरून तिकडे पाठवते, कारण डॉक्टर आहे पण औषध नाही.

खडीसाखर, तुमच्याकडून एक गोष्ट सुटली. सुरुवातीला निघून गेले ते बहुतेक गोरे आणि पैसेवाले. त्यामुळे १९९३ मध्ये डॉलर बाळगायला परवानगी मिळाल्यावर डॉलर आले ते त्यांच्याच नातेवाइकांकडे. ज्या काळ्या क्युबनांना पूर्वी खासगी क्लबांच्या समुद्रकिनाऱ्यांवर प्रवेश नव्हता आणि क्रांतीने तो उघडून दिला, ते पुन्हा मागे पडले. माझी सहकारी काळी आहे. तिच्या गल्लीत परदेशातून पैसे येणारं घर तिचं एकटीचं.

विळाकोयता

ताई, हे माझ्या मनाला लागलं. ११ जुलै २०२१ ला भाकरी आणि विजेसाठी रस्त्यावर आलेल्यांना वीस-वीस वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हैती आणि होंडुरासमधूनही माणसं लोंढ्याने निघतात. तिथे कुठे कम्युनिझम होता?

खडीसाखर

तिथून निघणारा निदान परवानगी मागत नव्हता, काका. आणि निघून गेलेल्याला सरकार 'अळी' म्हणत नव्हतं.

फ्लोरिडावासी, तुमची सहकारी कधी परत जाईल का?

फ्लोरिडावासी

विचारलं नाही. सध्या तिच्या मावशीकडे दिवसातून दोन-तीन तास वीज असते, तीही कधी येईल याचा नेम नाही. वीज आली की फोन लागतो. त्यामुळे ती जेवणाच्या सुट्टीतही फोन हातात घेऊन बसलेली असते. तेव्हा कुठे हा प्रश्न काढू?